बाजारच्या दिवशीची गोळी

मुरुडच्या पेठेत माझं औषधाचं दुकान आहे. लातूरच्या एका डॉक्टरांचं अक्षर या भागात फक्त मलाच लागतं, असा माझा लौकिक होता आणि त्याचा मला तोराही होता. खरं सांगायचं तर निम्म्या वेळा ते मलाही लागत नसे. मग मी फोन करायचो. डॉक्टर आधी करवादायचे, मग सांगायचे.

जवळच्या खेड्यातली एक मावशी संधिवातासाठी त्यांच्याकडे जायची. तिला एक पिवळी गोळी होती, आठवड्यातून एकदाच घ्यायची. रोज घेतली तर ती रक्तावर उठते, जीवही जातो. मावशीला वाचता येत नव्हतं, म्हणून मी सांगून ठेवलं होतं, बाजारच्या दिवशी गोळी. दोन वर्षांत तिने एकही बाजार चुकवला नाही.

मग डॉक्टरांकडे कॉम्प्युटर आला. चिठ्ठ्या छापील येऊ लागल्या, तसं मला हायसं वाटलं. मावशीच्या नव्या चिठ्ठीत त्या गोळीपुढे ‘रोज एक’ छापलेलं होतं. मी तीन पट्ट्या काढून दिल्या.

“दादा, ही बाजारच्या दिवसाची हाय ना?”

“आता रोज घ्यायची, मावशी. डॉक्टरनं वाढवली असंल.”

“मला तर काई बोलले न्हाईत.”

“छापून आलंय ना. हातानं लिहिलेलं थोडंच हाय?”

असं मी म्हणालो. अक्षर गिचमिड असतं तर फोन उचलला असता. इतका स्वच्छ कागद बघून शंका घ्यायची मला लाज वाटली. त्या गोळीबद्दल मला काही ठाऊक नव्हतं, असंही नाही. सगळं ठाऊक होतं.

दहा-बारा दिवसांत तिचं तोंड आतून सोलून निघालं, ताप हटेना. लातूरला दवाखान्यात शरीक केलं. तेव्हा डॉक्टरांचा फोन आला, कॉम्प्युटरच्या यादीतून निवडताना चुकलं म्हणून. मावशी घरी परत आली नाही.

महिन्याभराने तिचा नवरा बीपीच्या गोळ्या न्यायला आला. गोळ्या पिशवीत टाकून काका बाकावर टेकले.

“ती म्हनत होती, ही गोळी रोजची न्हाई म्हून,” ते म्हणाले. “मीच वसकलो तिच्यावर. म्हनलं, दुकानदारापरीस तुला जास्त कळतंय का? ऐकलं बिचारीनं. तेवढंच डोक्यातून जाईना बगा.”

दुकानात दुसरं कुणी नव्हतं. गप्प बसलो असतो तर त्यांना कधीच कळलं नसतं, आणि गप्प बसावं असं मला वाटलंही. काउंटरच्या बाहेर येऊन मी त्यांच्याशेजारी बसलो.

“काका, मावशीचं बरोबर होतं,” मी म्हणालो. “तिनं मला इचारलं होतं. मीच रोज घे म्हनलो.”