तीनदा विसळलेली बाटली

पंपमामांना पहिल्यांदा भेटायला येणारा माणूस घरून आंघोळ करून आला असला, तरी भेट संपेपर्यंत त्याची दुसरी आंघोळ झालेली असे. नव्या तपासनीस बाई आल्या तेव्हा मामांनी त्यांना पाय धुवायला लावले, चपला धुवायला लावल्या, त्यांच्या स्कूटरची दोन्ही चाकं स्वतः धुतली आणि हँडलला लटकवलेल्या पिशवीकडे अशा नजरेनं पाहिलं, की बाईंनी ती मुकाट्यानं नळाखाली धरली. पिशवीत त्यांचा जेवणाचा डबा होता.

"आत पिण्याचं पाणी आहे, बाई," मामा म्हणाले. "इथं माशीसुद्धा पाय पुसून येते."

यात फारसं खोटं नव्हतं. एक बोअर, एक पंप, पाण्यात क्लोरीन सोडणारं छोटं यंत्र आणि टेकाडावरची टाकी, एवढा कारभार मामा अकरा वर्षं एकट्यानं सांभाळत होते. पुसून पुसून पंपावरचं कंपनीचं नाव कधीच निघून गेलं होतं. दर महिन्याला प्रयोगशाळेकडून रिकामी बाटली येई. मामा पंपघरातल्या नळाचा नमुना भरून पाठवत. एकही नमुना कधी नापास झाला नव्हता. भिंतीवर अकरा वर्षांची अकरा प्रमाणपत्रं काचेच्या चौकटींत लटकत होती. लग्नाचा फोटो मात्र घरी ट्रंकेत होता.

मामांचं पाणी साऱ्या गावात एकाच व्यक्तीला बाधत असे, आणि ती व्यक्ती म्हणजे त्यांची थोरली बहीण. आक्काचं घर पंपघरासमोरच होतं. सख्ख्या बहिणीला ताजं पाणी मिळावं म्हणून मामांनी तिचा नळ टाकीच्या आधी, थेट पंपाच्या पाइपातून काढून दिला होता. दर महिन्या-दोन महिन्यांनी आक्काचं पोट बिघडे आणि ती दारातून ओरडे, "अरे, तुझ्या पाण्यात काय आहे ते बघ!"

"माझ्या पाण्यात काही नाही. तुझ्या ताटात काय होतं ते सांग!" मामा चौकटींकडे बोट दाखवून ओरडत.

बाईंनी सगळं पाहिलं आणि त्या खूश झाल्या. "आता माझ्यासमोर एक नमुना घ्या," त्या म्हणाल्या.

मामांना तेच हवं होतं. त्यांनी बाह्या सरसावल्या, नवी बाटली उघडली, तळाशी चिमूटभर पांढरी पूड पाहून नाक मुरडलं. "बघा तुमच्या प्रयोगशाळेची माणसं! एकदा तरी बाटली धुऊन पाठवतील तर शपथ." आणि त्यांनी किटलीतल्या उकळत्या पाण्यानं बाटली खळखळून तीनदा विसळली.

बाईंच्या हातातलं पेन पडलं. "मामा, हे दर वेळी करता?"

"म्हणजे काय! तीनदा. अकरा वर्षं."

बाई मटकन स्टुलावर बसल्या. स्टूल नुकतंच धुतल्यामुळे ओलंचिंब होतं, तरी बसल्या.

"ती पूड मुद्दाम घातलेली असते हो," त्या म्हणाल्या. "बाटलीत पाणी पडलं, की ती त्यातलं क्लोरीन तिथल्या तिथे निकामी करते. ती काढून टाकली, तर क्लोरीन वाटभर जंतू मारत बसतं. आमच्याकडे पोचेपर्यंत पाणी साफ! नळाला कसं होतं, ते कळणार कुठून?"

मामांनी बाटलीकडे पाहिलं. मग भिंतीकडे. "म्हणजे ही अकरा..."

"बाटलीची आहेत, मामा. पाण्याची नाहीत."

मामांच्या पायाखालची फरशी, जी त्यांनी सकाळीच दोनदा पुसली होती, सरकली.

"घाबरू नका," बाई म्हणाल्या. "टाकीत पाणी बराच वेळ थांबतं, तिथे क्लोरीन आपलं काम करत असणार. तिथला नमुनाही नेतेच मी. फक्त टाकीच्या आधी कुणाचा नळ नाही ना?"

समोरून बादलीत पाणी पडल्याचा आवाज येत होता. मामा अनवाणी धावले आणि त्यांनी नळ बंद केला.

"अरे, अर्धीच भरली!" आक्का ओरडली.

बाईंनी न धुतलेल्या बाटल्या भरून नेल्या: एक टाकीखालच्या नळाची, एक आक्काच्या नळाची. निकालाला तीन दिवस होते. दोन वर्षांपूर्वी आक्का आठ दिवस अंथरुणाला खिळली होती. तेव्हा उशाशी बसून आपण तिला कमी जेवण्यावर व्याख्यान दिलं होतं, ते मामांना शब्दन् शब्द आठवत होतं. टाकीचं पाणी ते स्वतः खांद्यावरून तिच्याकडे नेऊ लागले.

"मला काही मोठं झालंय का रे?" आक्कानं विचारलं. "डॉक्टर तुझ्याजवळ काही बोलले का?"

चौथ्या दिवशी फोन आला. टाकीचं पाणी चांगलं होतं. आक्काच्या नळात जंतू होते, तेही विष्ठेतले. बोअरच्या झाकणाला बारीक तडा होता, आणि मामा दर वर्षी मन लावून त्याच्यावर हिरवा रंग देत होते.

मामा आक्काच्या स्वयंपाकघरात जाऊन उभे राहिले. "आक्का, अकरा वर्षं मी तुला घाण पाजली," ते म्हणाले.

"बस खाली. मला कुठली पाजतोस?" आक्कानं गॅसवरच्या पातेल्यावरचं झाकण उचललं. पाणी खदखदत होतं. "पहिल्याच आठवड्यात वास आला. तेव्हापासून उकळूनच पिते मी."

"मग बोलली का नाहीस?"

"ओरडत होते ना दारातून! तू बोट दाखवायचास भिंतीकडे. आणि पहिली चौकट मिरवत आणलीस, तेव्हा तुझं तोंड इतकं फुललं होतं, की उकळते म्हणून सांगवेना."

"आणि पोट?"

"पोटाचं काय," आक्का म्हणाली, "खाते मी जास्त."

मामा आ वासून पातेल्याकडे बघत राहिले. सख्ख्या बहिणीनं आपलं पाणी अकरा वर्षांत एकदाही कच्चं तोंडाला लावलं नव्हतं. जंतूंपेक्षा हे त्यांना जास्त लागलं.

झाकण बदलायला अर्धा तास पुरला. आक्काचा नळ टाकीनंतरच्या पाइपाला जोडला. चौकटींच्या जागी आता एक घड्याळ आहे. तेही खरं सांगत नाही, दहा मिनिटं मागं असतं. न विसळलेल्या बाटल्यांचे सगळे नमुने पास होतात. आक्का अजून पाणी उकळूनच पिते.