लिपोवाचे पंप कोणासाठी थांबत होते

दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी गावाच्या पाणीखात्याच्या लिओना ह्रुस्काने तिसरा पंप बंद केला. पंपघरात फक्त पंख्याचा आवाज उरला. बाहेर पारा एकशे चार फॅरनहाइटवर. आता सहापर्यंत सारं लिपोवा गाव टाकीतल्या पाण्यावर.

टेक्ससमध्ये वीज कोणाकडून घ्यायची हे गावाला ठरवता येतं. ती वीज आणणाऱ्या तारांचं भाडं मात्र चुकत नाही. जून ते सप्टेंबर, दर महिन्यात राज्याची विजेची मागणी शिगेला पोचते ती पंधरा मिनिटं मोजली जातात. तेव्हा गावाचा मोठा मीटर किती वीज ओढत होता, त्यावर पुढच्या वर्षीचं भाडं. ती पंधरा मिनिटं कोणती, हे आधी कोणालाच कळत नाही. लिओना मागणीचा आलेख बघून अंदाज बांधते. पहाटे टाकी काठोकाठ भरायची, दुपारी पंप थांबवायचे. हे तिला शिकवलं गावाच्या हिशेब खात्याच्या डार्विन कुबेनाने. दोघं तीस वर्षं चर्चमध्ये एकत्र गातात.

यंदाचा हा तिसरा उन्हाळा. पहिल्या उन्हाळ्याच्या सुरुवातीलाच गावाच्या कौन्सिलने ठराव केला होता : जेवढं भाडं वाचेल तेवढं बंद पडलेल्या पोहण्याच्या तलावाला. लिओनाने घरोघरी जाऊन सांगितलं. चार ते सहा बागेला पाणी नको, टेकडीवर नळाची धार बारीक होईल, चालवून घ्या.

"मिस लिओना, काल डोक्याला साबण लावून उभा होतो मी!" चर्चच्या जेवणात सॉसेजच्या रांगेत कोणीतरी ओरडायचं.

"धू की तलावात, उघडला की."

दर जानेवारीत ती डार्विनला विचारायची, तलावाचं काय? तो म्हणायचा, "साठतंय."

आज पंप थांबल्यावर वीज विकणाऱ्या कंपनीचा क्ले नावाचा माणूस आला. हातात बेकरीतल्या कोलाचेंचा, जर्दाळू भरलेल्या गोड पावांचा, खोका.

"मॅम, तुमच्यासाठी. तुमच्याइतकी अचूक वेळ आमचं कुठलंच गिऱ्हाईक पकडत नाही. आमचं भाडं चांगलंच खाली आलंय."

"तुमचं?"

"म्हणजे, गावाशी आमचा करार एकाच ठरलेल्या दराचा ना. तारांचं भाडं त्यातच धरलंय. वाढलं तर आमच्या अंगावर, उतरलं तर..." तो अडखळला. "तुम्हाला सांगितलं असेल की."

"कधीपासून हे?"

"येत्या ऑक्टोबरात दोन वर्षं."

खोका तसाच ठेवून ती नगरकचेरीत डार्विनच्या खोलीत गेली.

"तारांचे वाचलेले पैसे कुठे साठतायत, डार्विन?"

त्याने उठून दार लावलं. "कोणी सांगितलं?"

"कंपनीने. खाऊ घेऊन आले होते."

"एक ठरलेला दर मिळत होता, बजेटला सोपं. ते कलम माझ्या नजरेतून सुटलं गं."

"आणि लक्षात कधी आलं?"

"पहिल्याच जानेवारीत. बिल उतरलं नाही तेव्हा."

"त्यानंतर दोन उन्हाळे मी पंप थांबवतेय. तू रोज बघतोयस."

"कौन्सिलला सांगितलं असतं तर नोकरी गेली असती माझी. आणि तुझ्या थांबवण्याने कोणाचं काय बिघडत होतं?"

"टेकडीवरची ॲडेला सिमेक ब्याऐंशी वर्षांची आहे. दुपारी बादल्या भरून ठेवते. माझ्या शब्दावर ठेवते, डार्विन. तुझ्या नाही."

"कराराचे चौदा महिने राहिलेत. पुढचा नीट करू, भाडं वेगळं दाखवायला लावू. तोवर हे आपल्या दोघांत राहू दे."

निघताना लिओनाने समोरच्या अर्जांच्या खिडकीवर जाऊन एक अर्ज भरला. पाच वाजून वीस मिनिटांनी, राज्याची मागणी अजून चढतीच असताना, तिन्ही पंप सुरू झाले.

उद्या मंगळवार. संध्याकाळी सात वाजता कौन्सिलची सभा आहे. बोलू इच्छिणाऱ्या नागरिकांच्या यादीत तिसरं नाव लिओना ह्रुस्का असं आहे. प्रत्येकाला तीन मिनिटं मिळतात.