चादरीचं दुसरं टोक

सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी हॉटेलच्या धुलाईखान्यात ती टेबलावर चादर पसरून एकटीच घडी घालत होती. तिला आठवा महिना होता. इथली रीत जोडीने घडी घालायची. दोघींनी दोन टोकं धरायची, समोरासमोर चालत यायचं आणि कोपरे जुळवायचे. पोट आड येऊ लागल्यावर तिने ते सोडलं, म्हणून शिस्तभंगाची नोटीस आली. कामावरून काढायचं की नाही, हे आज ठरणार होतं.

मॅनेजर आले. "नियम सगळ्यांना सारखा, बाई. पोटाचं निमित्त नको."

"साहेब, माझं पोट पंचवीस वर्षांचं, हिचं आठ महिन्यांचं. दोघींचे हात जुळणार कसे?" तिच्या जोडीची मावशी म्हणाली. "हातच्या काकणाला आरसा कशाला? तुम्हीच धरा दुसरं टोक."

साहेबांनी धरलं. ती चालत आली, तेही आले आणि हातभर अंतरावर अवघडून थबकले. चादर मधोमध लोंबून फरशीला लागली.

"या की पुढे, लाजता काय?" मावशी म्हणाली.

फरशीला लागलेलं कापड पुन्हा धुवायचं, हा नियम साहेबांचाच. त्यांनी चादर गोळा करून स्वतः मशीनमध्ये टाकली.

"टेबलावरच घाला घड्या. नोटीस मागे घेतो."

"लेखी द्या, साहेब. बाळंतपणाची रजाही त्यातच लिहा," ती म्हणाली.

दुपारी सहीचा कागद हातात पडला. तो पिशवीत ठेवून तिने पोटभर जेवण केलं.

उद्या तिची कामाची पाळी सकाळी सातची आहे. आधी उशांचे अभ्रे, मग चादरी.