दोन सदानंद, एक निरोप

नलिनीताई रेडकरांची आणि माझी पहिली भेट नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला दुबईत झाली. जबल अलीतल्या एका गोदामात मी स्टोअरकीपर होतो आणि आपला आवाज भारदस्त आहे, अशी माझी समजूत होती. एका शुक्रवारी सुट्टीच्या दिवशी मी रेडकर कुटुंबाच्या रेडिओ केंद्रावर निवेदक होण्यासाठी जाऊन धडकलो. तयारी म्हणून एक कविता पाठ केली होती. ताईंनी ती ऐकूनही घेतली नाही. निरोपांच्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा पुढे सरकवून त्या म्हणाल्या, "ही नावं वाचा. घाई न करता." दहाव्या चिठ्ठीला मी पाणी मागितले. तरीही मला शुक्रवारची खुर्ची मिळाली.

केंद्र घरचे होते, म्हणजे अगदी घरातलेच होते. मागच्या दोन खोल्यांत यंत्रे होती आणि स्वयंपाकघरातल्या कुकरची शिट्टी अधूनमधून थेट प्रसारणात जात असे. ताईंच्या सासऱ्यांनी ते सुरू केले आणि ते थकल्यावर ताईंनी हाती घेतले. दीर सुधाकरभाऊ जाहिराती आणत. शाळकरी मृदुला फोन घेई आणि "आई, इट्स फॉर यू!" असे ओरडे. आम्हा सर्वांना ताई 'अहो' म्हणत आणि चूक झाली की त्याच 'अहो'ने सोलून काढत.

केंद्राचा प्राण म्हणजे शुक्रवारचे निरोप. गावाहून घरची माणसे एसटीडी बूथवरून निरोप कळवत आणि आम्ही ते कामगारांच्या कॅम्पांतल्या मुलखाबाहेरच्या माणसांसाठी वाचत असू. चिठ्ठीवर पाच गोष्टी असत : नाव, वडिलांचे नाव, गाव, वाडी आणि कंपनी. पाचही वाचायच्याच, हा ताईंचा नियम. कोकणातल्या एका गावात एकाच नावाचे तिघेचौघे निघत आणि त्यांतले दोघे तरी आखातात असत. दुसरा नियम असा, की मृत्यूची बातमी प्रसारणातून द्यायची नाही. 'घरी ताबडतोब फोन करावा' एवढेच म्हणायचे. अर्थात अशा निरोपातून काय समजायचे, हे प्रत्येक खोलीत ठाऊक होते.

ऑगस्टमधल्या एका शुक्रवारी सकाळी पुढची जाहिरात वेळेत बसवण्याच्या घाईत मी एका निरोपातून फक्त नाव आणि गाव वाचले. सदानंद पवार यांनी घरी ताबडतोब फोन करावा. वडिलांचे नाव, वाडी, कंपनी, तिन्ही मी गाळली. काचेपलीकडून ताईंनी हात वर केला, तोवर जाहिरात सुरू झाली होती.

साडेअकराला अबुधाबीजवळच्या मुसफ्फ्याच्या कॅम्पातून फोन आला. सदानंद पवारांचा खोलीतला सोबती रडकुंडीला आला होता. "वहिनी, आमचा सदा निघून गेला हो! बायकोला नववा महिना. गावची लाइन काही लागेना. 'खलास, ती गेली' म्हणाला आणि एअरपोर्टकडे चालत सुटला."

"पासपोर्ट?" ताईंनी विचारले.

"तो कंपनीकडे. पाण्याची बाटलीपण इथंच पडलीय."

निरोप त्यांचा नव्हताच. तो जबल अलीतल्या सदानंद पवारांसाठी होता. त्यांचे वडील वारले होते. आणि हे दुसरे सदानंद भर दुपारच्या उन्हात, झाडाची सावलीही नसलेल्या रस्त्याने चालले होते. अशा उन्हात तासाभरात माणूस कोसळतो, हे आम्ही सगळेच जाणून होतो.

ताईंनी चालू कार्यक्रम थांबवला. सुधाकरभाऊ आडवे आले. "वहिनी, चूक झाली असं माइकवर सांगू नका. लोकांचा विश्वास उडेल. जाहिरातवाले तर फोनच करणार नाहीत."

"भाऊजी, तो माणूस उन्हात आहे," एवढेच बोलून ताई बसल्या. आधी मराठीत आणि मग टॅक्सीवाल्यांना, टँकरवाल्यांना कळावे म्हणून हिंदीत त्या बोलू लागल्या. "मुसफ्फ्याचे सदानंद पवार, तो निरोप तुमचा नाही. चूक माझी आहे, नलिनी रेडकरची. मुसफ्फा से एअरपोर्ट के रास्ते पर कोई भी भाई गाड़ी चला रहा हो, तो कृपया देखिए." दर पाच मिनिटांनी हेच. मध्ये गाणे नाही, जाहिरात नाही. मी शेजारी बसून होतो. 'चूक माझी' हे शब्द मी त्या दुपारी वीसेक वेळा त्यांच्या तोंडून ऐकले आणि एकदाही तोंड उघडले नाही.

साडेबारा झाले, एक वाजला. मृदुला फोनजवळ उभी होती. सव्वाच्या सुमारास फोन खणखणला. एअरपोर्टच्या वाटेवरच्या खलिफा सिटीत तेव्हा तुरळक बांधकामे सुरू होती. तिथल्या एका अर्धवट व्हिलाच्या चौकीदाराचा फोन होता. "बहनजी, टँकरवाला एक आदमी को लाया है. पानी पिलाया. होश में है."

ताईंनी सदानंदांना फोनवर घेतले. पलीकडून फुटका आवाज आला, "वहिनी, ती आहे ना?"

मी असतो तर बेधडक 'आहे' म्हटले असते. ताई म्हणाल्या, "निरोप तुमचा नव्हता, एवढं मला नक्की ठाऊक आहे. तिचं मला काही कळलेलं नाही. दुसऱ्या लाइनवरून तुमच्या गावचं दुकान लावतेय. लागेपर्यंत तुमचा फोन सोडत नाही."

चाळीस मिनिटे त्यांनी दोन्ही कानांना दोन फोन धरले होते. शेवटी दुकानदार सापडला. तो वैतागून म्हणाला, "तिला काय झालंय? आत्ताच दळण घेऊन गेली की!" नवव्या महिन्यात दळण! ताईंनी ते सदानंदांना ऐकवले, दुकानदाराला तिच्या सासरच्यांना चार शब्द सुनवायला सांगितले, मग दोन्ही फोन ठेवले आणि टेबलावर डोके टेकून मनसोक्त रडल्या. आम्हीही रडलो.

मला वाटले, सुटलो. ताई तोंड धुऊन आल्या आणि म्हणाल्या, "चला, जबल अलीला. ज्यांचा निरोप होता, त्यांना अजून काहीच ठाऊक नाही." त्या माणसाचा मला साफ विसर पडला होता.

संध्याकाळी आम्ही कॅम्पात पोचलो, तेव्हा ते सदानंद दोरीवर कपडे वाळत घालत होते. सकाळी ते ड्यूटीवर असल्यामुळे मूळ निरोप त्यांनी ऐकलाच नव्हता. दुपारपासून मात्र रेडिओला कान लावून बसले होते. ताईंना पाहताच ते हसत पुढे आले. "वहिनी, माझ्या नावाचा तो सापडला ना? मी देवाला सांगत होतो, त्याच्या घरी सगळं नीट असू दे."

ताईंनी त्यांचा हात धरला, खाटेवर बसवले आणि वडील गेल्याचे सांगितले. पुढे म्हणाल्या, "तुम्हाला हे सकाळीच कळायला हवं होतं. माझ्या चुकीनं उशीर झाला." मी दाराशी उभा होतो. तेव्हाही गप्पच राहिलो.

परतताना गाडीत मी कसाबसा विषय काढला. ताई म्हणाल्या, "अहो, पुढच्या शुक्रवारी तुम्हालाच वाचायचंय. तुमच्या आवाजाचा लोकांनी धसका घेतला, तर निरोप ऐकेल कोण? माझं काय, मी घरचीच आहे." त्यानंतर नऊ वर्षे मी निरोप वाचले. पाचही गोष्टी, एकही न गाळता.

आता मोबाइल आले आहेत आणि निरोपांच्या चिठ्ठ्या दिवसेंदिवस कमी होत आहेत. ताईंची साठी साजरी करताना मित्रमंडळींनी मला चार गौरवाचे शब्द लिहायला सांगितले. माझ्याजवळ गौरवाचे एकच वाक्य आहे आणि ते मी फार उशिरा लिहितो आहे : त्या शुक्रवारची चूक नलिनीताईंची नव्हती, माझी होती. दोन्ही सदानंद पवारांनी मला क्षमा करावी. ताईंना उदंड आणि निरोगी आयुष्य लाभो. इतकी वर्षे माझे ओझे त्यांनी वाहिले. ते उतरल्यानंतरची त्याहून कितीतरी अधिक वर्षे त्यांना मिळोत.