मशीन चालू आहे

आमच्या घरातून बोलण्याचा आवाज येत नाही, म्हणून खालच्या मजल्यावरची गुजराती शेजारीण कित्येक वर्षं समजत होती की आमचा अबोला आहे. एकदा तिनं मला जिन्यात गाठून सांगितलं, "बेन, एवढा राग बरा नाही. बोलून टाका ना एकदा." मला हसू आवरेना. राग कसला डोंबलाचा! आमचे हे ठार बहिरे आहेत. भांडायचं म्हटलं तरी समोरच्याला ऐकू यायला नको का?

जन्माचे बहिरे नाहीत. इथं सिल्वासाजवळ गलोंड्याला एका धाग्याच्या कारखान्यात यांनी सगळी नोकरी काढली. त्या शेडमध्ये मशीनं अशी किंचाळायची की शेजारी उभ्या माणसाला हाक ऐकू जात नसे. हे कानात कापसाचे बोळे घालून जायचे, पण बोळ्यांनी काय होतंय? निवृत्त होईपर्यंत दोन्ही कान गेले. डॉक्टरांनी यंत्र दिलं, त्यातून नुसता गलका वाढायचा, शब्द काही कळायचा नाही. "परत नोकरीला लागल्यासारखं वाटतं," म्हणाले, आणि यंत्र कपाटात ठेवून दिलं.

तरी आमचं कधी अडलं नाही. शेडमध्ये तोंडानं बोलता येत नाही म्हणून तिथल्या माणसांनी हातांची बोली तयार केली होती. आमचे हे धुळ्याकडचे, कुणी बिहारचा, कुणी इथलाच वारली, पण खुणा सगळ्यांच्या एकच. अंगठा ओठाला लावला की चहा. कॉलरला हात लावला की साहेब आले. मनगटावर मनगट ठेवलं की मशीन चालू आहे, सोडून येता येत नाही. आणि शिफ्ट सुटली की लांबूनच खांद्यावरून हात मागं टाकायचा, म्हणजे चल घरी. लग्न झाल्यावर हे घरातही तेच करायला लागले. मी सरकारी मराठी शाळेत मास्तरीण, दिवसभर पोरांपुढं ओरडून घसा बसलेला. मला तर बरंच झालं. मी त्यात माझ्या चार खुणा घातल्या, 'मीठ कमी आहे' आणि 'पाहुण्यांसमोर गप्प बसा' या त्यातल्या सगळ्यात कामाच्या.

आमचं घर बाजाराजवळ तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. यांचे गुडघे बोलायला लागले, आणि मग तो कुकर झाला. मी दूध आणायला खाली गेले होते, यांनी डाळीचा कुकर लावला आणि पेपर वाचत बसले. शिट्ट्या होतायत, होतायत, पाणी आटलं, डाळीचा कोळसा, घरभर धूर. शेजाऱ्यांनी पुण्याला लेकीला फोन केला. झालं! तेव्हापासून रोज एकच टकळी, "आई, उद्या काही झालं तर?" या प्रश्नाला उत्तर नसतं हो. काहीही म्हटलं तरी आपणच हट्टी ठरतो.

तिनंच ज्येष्ठांच्या वसाहती शोधायला सुरुवात केली. पुण्याबाहेरची एक बघून आलो. कारंजं काय, योगाचा हॉल काय! हे तिथं बाकावर बसले आणि येणाऱ्याजाणाऱ्याची तोंडं बघत राहिले. परतताना गाडीत म्हणाले, "सिल्वासा नाही सोडायचं." मला कारण कळत होतं. आमच्या बाजारात यांचं बहिरेपण कुणाच्या लक्षातही येत नाही. पानवाला, न्हावी, भाजीवाला, कुणी ना कुणी कधी ना कधी कारखान्यात राबलेला. लांबून हे दिसले की अंगठा ओठाला लावतात. सिल्वासाबाहेर हे बहिरे म्हातारे, इथं नुसते काका.

म्हणून मग सिल्वासाजवळचीच, खेरडी गावाच्या पुढची वसाहत ठरली. शेतांच्या मधे दोन इमारती, मधे बाग. स्वतंत्र घर, स्वतःचा ओटा, बाजारात जायला गाडी. तिथली मॅनेजरबाई गोड बोलायची, इतकी गोड की मला पहिल्याच भेटीत संशय आला. "आंटी, ही इमारत स्वावलंबी लोकांची. ज्यांना घंटा ऐकू येते, फोन घेता येतो, स्वतःचं स्वतः करता येतं, ते इकडे. बाकीचे समोरच्या इमारतीत. तिथे मदतनीस असतात, टेन्शन नको."

"आणि नवरा-बायकोतलं एकच तसं असलं तर?"

"मग एक इकडे, एक तिकडे. भेटायला बाग आहेच की!"

मी मनात म्हटलं, बाई, तुझं लग्न झालंय का? घरी येऊन यांना सगळं लिहून समजावलं आणि ठरवलं की कानांचं कुणाला कळू द्यायचं नाही. हे हसले. "होई जाईल गं मास्तरीण," म्हणाले. तेवढ्यात आमच्या फ्लॅटला गिऱ्हाईक आलं. लेक म्हणाली, गिऱ्हाईक दारात दोनदा येत नसतं. सह्या झाल्या, किल्ली महिनाअखेर द्यायची ठरली. वसाहतीत घर मिळायच्या आधी राहतं घर विकणारे शहाणे आम्हीच.

मुलाखतीला मी मॅनेजरबाईच्या शेजारी, यांच्या बरोबर समोर बसले. ती विचारायची, मी मांडीवरच्या पर्सआडून खूण करायची, हे उत्तर द्यायचे. जेवणात काय आवडतं? खानदेशी भरीत. झोप लागते का? लागते ना. बाईनं शेतांवरून विनोद केला तेव्हा मी हसायची खूण म्हणून पदर सावरला, हे मोकळेपणी हसले. मला असा काही अभिमान वाटला की काय सांगू, माझा विद्यार्थी बोर्डात आल्यासारखा. बाई म्हणाली, काही दिवस पाहुणे म्हणून राहून बघा, मग घर पक्कं.

ते काही दिवस मी विसरणार नाही. यांना क्षणभर एकटं सोडायची सोय नव्हती. हे जेवायला बसले की मी समोर. हे बागेत गेले की मी बागेत. भजनाला टाळ्या कधी वाजवायच्या तेही मीच सांगायचं. आंघोळीला जाताना यांना खोलीत बसवून बाहेरून कडी लावून जायची मी, कुणी दार वाजवलं तर! बायका कौतुकानं म्हणायच्या, "या वयातही काय प्रेम आहे हो, एकमेकांवरून नजर हलत नाही." मी हसायची आणि आतून जळायची. सगळं लक्ष यांच्याकडे, पेपरच्या चार ओळी वाचायची सोय नाही. हात दुखायला लागले. तोंड दाबून बुक्क्यांचा मार. आणि मग एका दुपारी लख्ख कळलं की घर मिळालं तर मरेपर्यंत हेच करायचंय. घर नाही मिळालं तर हे तिकडे जाणार. इकडे आड, तिकडे विहीर, आणि आमचा स्वतःचा ओटा तर विकून बसलेलो. मला यांचाच राग यायला लागला. बिचाऱ्यांनी काय केलं होतं? तरी आला.

यांचं तर त्याहून वाईट. बाजारात मोकळा फिरणारा माणूस, इथं माझ्या हाताकडे बघत बसायचा. एकदा चहाच्या वेळी मी उगाच चिडून 'गप्प बसा'ची खूण केली. बोलत नव्हतेच ते. त्यांनी कप खाली ठेवला आणि मान फिरवली.

मग ती घंटा झाली. आगीची तालीम होती म्हणे, न सांगता घेतात. मी न्हाऊन केस वाळवायला बाल्कनीत उभी होते, हे खाली बागेत बाकावर पेपर घेऊन. त्या दिवशी मी जरा ढिली पडले होते, म्हटलं, बसू दे पाच मिनिटं. घंटा अशी कर्कश वाजली की झाडावरचे पक्षी उडाले. सगळी म्हातारी मंडळी काठ्या टेकत फाटकाकडे निघाली. हे ढिम्म. पण यांना सवय आहे, मधूनमधून मान वर करून माझ्याकडे बघायची, शेडमध्ये पलीकडच्या मशीनवाल्याकडे बघत तशी. यांनी वर बघितलं. मी खांद्यावरून हात टाकायचा की नाही? निघा तिथून! पण त्याच क्षणी मॅनेजरबाई ऑफिसातून बागेकडे येताना दिसली आणि माझा हात गेला मानेशी, कॉलरच्या जागी. साहेब आले.

झालं! यांनी पेपरची घडी घातली, उठले आणि बाकाशेजारी ताठ उभे राहिले. साहेब आले की कामगार आपली जागा सोडत नाही, मग काहीही होवो. मी वरून खांद्यावरून हात टाकतेय, परत टाकतेय, केसांचं पाणी उडतंय, आणि हे अगदी बारीक मान हलवून मला नाही म्हणतायत. साहेब आहे, आता कसा सोडून येऊ? सगळी बाग रिकामी, घंटा वाजतेय आणि आमचा माणूस बाकाची पाठ धरून ड्युटीवर उभा.

बाई मागून आली. "काका, चला. काका! घंटा ऐकली नाही?" हे वळले नाहीत. तिनं यांच्या पाठीकडे बघितलं, मग यांची नजर कुठं आहे ते बघितलं आणि वर माझ्याकडे. माझा हात अजून हवेतच होता. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

ऑफिसात ती ओरडली नाही. ओरडली असती तर मी चार शब्द सुनावले असते. "आंटी, मी समजते," म्हणाली. "पण आग लागली असती तर?" परत तोच प्रश्न, उत्तर नसलेला. हे समोरच्या इमारतीत, मी इकडे. मीही तिकडेच राहते म्हटलं, तर तिथं एकेक खाटेच्या खोल्या. हे सगळं यांना सांगायचं कसं? कागदावर लिहायला मन धजेना, आणि या गोष्टीला आमच्याकडे खूण नव्हती. शेडमध्ये नवरा-बायकोला वेगळं करायची वेळ कुणावर आली नव्हती. शेवटी मी त्यांच्या तोंडासमोर तोंड नेऊन ओरडले, "तुम्ही तिकडे! मी इकडे! वेगळं!" बाहेरची माणसं थबकून बघायला लागली.

माझ्या ओठांवरून यांना कळलं. मग माझे दोन्ही हात धरून मांडीवर ठेवले आणि म्हणाले, "बरं होईल. तू जरा बसशील तरी."

खरं सांगते, मला रडू आलं, पण त्याच्या आधी, अगदी एक क्षण, हायसं वाटलं. ते यांना दिसलं असणार. ज्याला ऐकू येत नाही त्याला सगळं दिसतं.

मग मी भांडले, नाही असं नाही. लेकीला फोन केला की सिल्वासातच तळमजल्यावर खोली भाड्यानं घेतो. ती रडायला लागली, आई, मला इथं झोप लागत नाही, तू असं करू नकोस. तिच्या घरी जावं तर तिचे सासू-सासरे आणि दोन खोल्या. यांना सांगितलं तर म्हणाले, "राहू दे." पुन्हा सांगितलं, पुन्हा "राहू दे." माणसाच्या वाईटपणाशी भांडता येतं, चांगुलपणाशी कसं भांडणार? किल्ली ठरल्याप्रमाणे देऊन आलो. दारावरची आमची पाटी नव्या लोकांनी काढून माझ्या हातात दिली.

आता माझं घर पहिल्या मजल्यावर आहे, समोर बाग आणि बागेपलीकडे यांची खिडकी. तिकडचे मदतनीस चांगले आहेत, यांना मोठ्यानं हाका मारतात, ऐकू येत नाही हे माहीत असूनही. पहिल्या दुपारी मी खुर्चीत बसून पेपर शेवटच्या पानापर्यंत वाचला. किती दिवसांनी! पेपर खाली ठेवून समोर बघितलं तर हे खिडकीत उभे. केव्हापासून उभे होते देव जाणे. बागेत तासभर भेटतो तेवढंच, एरवी हाक मारता येत नाही, फोन घेता येत नाही, मी दिसेन तेवढीच मी त्यांच्याजवळ आहे. तेव्हापासून दुपारची झोप गेली. बायका पत्ते खेळायला बोलावतात, मी दोन डाव खेळते आणि उठते. मोकळी झाले म्हणतात मला सगळे. खिडकीला बांधल्यासारखी झालेय, कुणाला सांगू?

सकाळी ते अंगठा ओठाला लावतात, मी माझा कप उंच करून दाखवते. मॅनेजरबाई बागेतून गेली की कॉलरला हात लावून मिश्कील हसतात. तेवढं बरं चालतं. संध्याकाळी मात्र, जेवणघराचे दिवे लागायला आले की ते खिडकीशी येतात आणि खांद्यावरून हात मागं टाकतात. शिफ्ट सुटली, चल घरी. पहिल्यांदा वाटलं गंमत करतायत. पण हसत नव्हते. रोज तेच करतात.

घरी म्हणजे कुठं? या खुणेला आमच्या बोलीत दोनच उत्तरं आहेत. एक, आले. दुसरं मी देते. मनगटावर मनगट ठेवते. मशीन चालू आहे, सोडून येता येत नाही.

यावर कामगार पुढं काही विचारत नाही. हे मान डोलावतात, खुर्ची खिडकीजवळ ओढतात आणि माझं मशीन बंद व्हायची वाट बघत बसतात.