परक्या गळ्यांतला सूर

माझी मुलगी बोलत नाही, गुणगुणते. गाणं नव्हे, एकच लांबलचक सूर, मधे एक आचका आणि पुन्हा तोच सूर. नऊ वर्षांची आहे, तिला ऑटिझम आहे. मला तो आवाज मुळीच आवडत नसे. पनवेलच्या बाजारात तो सुरू झाला की लोक वळून बघत आणि मी तिचा दंड जरा जास्तच जोरात धरी. घरी ओठांवर बोट ठेवून दटावी. तेवढ्यापुरती ती गप्प होई आणि मी जिंकल्यासारखी स्वयंपाकघरात जाई.

आमचा सात-आठ घरांचा गट दर रविवारी सकाळी पळस्प्याजवळच्या एका गावात समाजमंदिरात जमतो. गट जमवला तो तिथल्या एका काकींनी. त्यांचा मुलगा आता तिशीचा आहे. तो लहान होता तेव्हा गावात ऑटिझम हा शब्द कुणी ऐकला नव्हता. बाहेरचं लागलंय म्हणून सगळे मोकळे होत. दोनदा तो हरवला. दोन्ही वेळा गाव त्याच्या नावाने हाका मारत सुटलं आणि हाकांना घाबरून तो आणखी लांब पळाला. तेव्हापासून काकींचा नियम आहे : आपलं मूल हरवलं तर नाव घ्यायचं नाही. त्याचा जो आवाज असेल, तोच काढत शोधायचं.

त्यासाठी दर रविवारी वीस मिनिटं सगळ्यांनी एकमेकांच्या मुलांचे आवाज घोटायचे. काकींचा मुलगा जिभेने टकटक करतो, तशी टकटक करायची. माझ्या मुलीसारखं गुणगुणायचं. टपरीवाला, रिक्षावाले, समोरच्या कंटेनर यार्डाचा वॉचमन, सगळ्यांना काकींनी धरून आणून शिकवलं होतं. मी मात्र त्या वीस मिनिटांत नेमकी चहाचे कप विसळायला उठे. मला तो पोरखेळ वाटे, हे खरं. आणि लाज वाटे, हे त्याहून खरं.

मार्चमधल्या एका रविवारी कार्यक्रम लांबला, दुपार झाली. मी कप विसळून आले तर मुलगी जागेवर नव्हती.

पायरीवर तिच्या चपला होत्या. समोर रस्ता आणि पलीकडे यार्ड. न्हावा शेवा बंदराचे रिकामे कंटेनर तिथे चार-चार थरांत रचलेले असतात. खालच्या थरातल्या बऱ्याच कंटेनरांची दारं वारा लागावा म्हणून उघडी ठेवतात. यार्डातली माणसं जेवायला गेली होती.

"आले की दारं लावायला घेतील, मॅडम," यार्डाच्या फाटकावर वॉचमन म्हणाला. मुकादम त्याचा फोन उचलत नव्हता.

"आत बघून लावतात ना?"

त्याने पुन्हा फोन कानाला लावला. उन्हात तापलेल्या त्या पत्र्यात बंद झालं तर माणूस किती वेळ टिकेल? मी तिचं नाव घेऊन ओरडणार, तोच मागून धावत आलेल्या काकींनी माझ्या तोंडावर हात दाबला.

"नाव नको घेव, बाय. आमी हाव ना."

आणि धावून आलेलं सगळं गाव यार्डात पांगून गुणगुणू लागलं.

मी कंटेनरांमधल्या पहिल्या बोळात धावले. तिचाच आवाज, तोच आचका. वळले तर एक म्हातारे आजोबा उभे होते. डोळे मिटलेले, ओठ बंद, आणि त्यांच्या गळ्यात माझी मुलगी. दुसऱ्या बोळात पुन्हा ती. धावत गेले तर ट्रेलरचा ड्रायव्हर. त्याने सूर न तोडता माझ्याकडे बघून मान हलवली. तिसऱ्या बोळात कुणीच नव्हतं, तरी ती तिथेही होती. सूर पत्र्यांवर आपटून वरून येई, पाठीमागून येई. भर उन्हात माझ्या अंगावर काटा आला. वाटलं, ती गेली, आणि जाताना आपला आवाज सगळ्यांना वाटून गेली.

काय चुकतंय ते तेव्हा कळलं. रविवारी सराव व्हायचा तेव्हा मूल समोर बसलेलं असे. ते खरंच हरवलं आणि पन्नास माणसं त्याचा आवाज काढत फिरली, तर त्याचा स्वतःचा कसा ओळखायचा, हे एकाही शहाण्याने विचारलं नव्हतं. मीही नाही. मी कप विसळत होते.

"थांबवा यांना!" मी काकींवर ओरडले. "मला माझी पोर ऐकू येत नाही!"

काकींनी हात वर केला. "गप र्‍हवा सगली!"

एकेक गळा बंद होत गेला. मी कान दिला. महामार्गाची घरघर तेवढी होती. म्हणजे तीही गुणगुणत नव्हती. इतक्यात यार्डाच्या दुसऱ्या टोकाला धाडकन एक दार लागलं आणि वॉचमन ओरडत तिकडे पळाला.

माझ्यापासून दहा पावलांवरच्या कंटेनरातून ती अनवाणी बाहेर आली. घामाने निथळत होती. घाबरलेली नव्हती, ऐन रंगात आलेलं गाणं कुणी बंद करावं, तशी चिडली होती. इतका वेळ ती आत बसून ऐकत होती. मी हात पसरले. ती माझ्या बाजूने सरळ पुढे गेली, त्या आजोबांच्या गळ्यावर तळवा ठेवला आणि थांबली. त्यांनी सूर लावला. तिने त्यांच्या छातीला कपाळ टेकलं. मला त्या म्हाताऱ्याचा इतका हेवा वाटला, की तसा जन्मात कुणाचा वाटला नव्हता.

मग ती माझ्याकडे आली आणि माझ्या गळ्यावर हात ठेवला.

मी ओठ मिटून सूर लावून पाहिला. नुसता वारा निघाला. तो आचका कुठे घ्यायचा, हेच मला माहीत नव्हतं. तिने बराच वेळ वाट पाहिली, मग हात काढून घेतला आणि परत आजोबांकडे गेली. मी तिथेच मातीत बसून रडले. लोकांना वाटलं, पोर सापडली म्हणून रडते.