कॅमेऱ्यातला आवाज

मन्नाएखेळ्ळीच्या हायवेवर एका झेरॉक्सच्या दुकानात पंचशीला कॉम्प्युटरवर बसते. नवरा रत्नपाल हैदराबादला गाडी चालवतो. घरी असते ती सासू, सरुबाई. पडून मांडीचं हाड मोडल्यापासून ती खाटेवरच. तिच्यावर लक्ष राहावं म्हणून पंचशीलानं ऑनलाइन एक फिरणारा कॅमेरा मागवला आणि कपाटावर ठेवला. दुकानात बसून मोबाईलवर सासू दिसायची. पंचशीलाला धीर यायचा.

कॅमेऱ्याचा आवाज मात्र ऐकू येत नव्हता, इकडून बोललेलंही घरात पोचत नव्हतं. पंचशीला मोबाईलवरच्या एका मोठ्या ग्रुपमध्ये होती. कोण कुठल्या गेममध्ये जिंकला, कुठला टीव्ही चांगला, मालिकेतली नवी सून कशी, अशा गप्पा तिथं दिवसभर चालत. तिनं कॅमेऱ्याचे सगळ्या बाजूंनी फोटो टाकले आणि विचारलं, "आवाज कसा चालू करायचा?" 'गेमर किंग' नावाच्या कुणीतरी लगेच नीट समजावून सांगितलं. आवाज सुरू झाला. पंचशीलानं त्याला हात जोडल्याची खूण पाठवली.

पुढच्या आठवड्यात सरुबाई म्हणाली, "तो माणूस लई चांगला हाय बग."

"कोण माणूस, आत्या?"

"कपाटावरचा."

वयामुळं भास होत असेल, असं पंचशीलाला वाटलं.

एका दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. तिनं मोबाईल उघडला. सरुबाई कॅमेऱ्याकडं बघून हसत बोलत होती. पंचशीलानं आवाज वाढवला. एक पुरुष विचारत होता, "आणि सूनबाई घरी कधी येते, आजी?"

"दिवे लागायच्या टायमाला. तवर मी एकटीच की."

पंचशीला मोबाईलमध्ये ओरडली, "कोण हायस रे तू?"

आवाज बंद झाला. मग कॅमेरा सरुबाईवरून हळूहळू वळला आणि दारावर येऊन थांबला. दार नुसतं लोटलेलं होतं. तो कुठं असेल? लांब, की गल्लीतच? शेजारच्या राजूबाईला फोन लावला, तिनं उचलला नाही. पंचशीला दुकान तसंच टाकून पळाली. धापा टाकत दार ढकललं. आत सरुबाई एकटीच होती.

"कामून पळत आलीस गं?"

पंचशीलानं आधी कॅमेऱ्याची वायर उपटली. मग खाटेपाशी बसली. "आत्या, काय काय सांगितलं त्याला?"

"नाव इचारलं, सांगितलं. रत्नपाल कुठं हाय, सांगितलं. भिंतीवरच्या फोटोकडं बघून जयभीम म्हणला, आपलाच वाटला." सरुबाईनं कपाटाकडं बघितलं. "तू तर आल्यावर मोबाईलच बघतीस. तो बोलायचा तरी."

पंचशीलानं हातातला मोबाईल बाजूला ठेवला.

रात्री तिनं ग्रुपवर घडलेलं लिहिलं. "भूत हाय का?" म्हणून लोक हसले. ग्रुपमधल्याच, मादन हिप्परगा गावच्या विजयश्रीनं मात्र सरळ फोन केला. ती कॉम्प्युटरचे क्लास घेते.

"अक्का, तुमच्या फोटोत कॅमेऱ्याच्या खालचं स्टिकर दिसायलंय. नंबर, पासवर्ड, सगळं. नंतर बदलला व्हता का?"

"न्हाई."

"मग तिथूनच आत आलाय कुणीतरी. फोटो आधी काढा."

पंचशीलानं 'गेमर किंग'चं नाव शोधलं. ते ग्रुपमधून गेलेलं होतं. तोच होता की फोटो बघणारा दुसराच कुणी, कसं कळणार?

रत्नपाल आला. दोघांनी बिदरला जाऊन पोलिसांत तक्रार दिली. अजून कुणी सापडलं नाही. दाराला नवं कुलूप बसलं. दुपारी राजूबाई सरुबाईपाशी येऊन बसते. पंचशीलानं ग्रुपवर पुन्हा सविस्तर लिहिलं, तेव्हा कितीतरी बायकांनी आपापले कॅमेरे तपासले. दोघींनी काढूनच टाकले.

आता पंचशीला दुपारी जेवायला घरी जाते. वाटेत मागून मोटारसायकलचा आवाज आला की, तोच नसेल ना, म्हणून किराणा दुकानाच्या पायरीवर चढून उभी राहते. गाडी पुढं निघून गेल्याशिवाय तिचं पाऊल उचलत नाही.